नाना आमचे कोणी नव्हते

अहो, समाजाच्या ग्रुपवर तुमची बातमी भावजींनी टाकली. 'अल्पशा आजाराने देवाज्ञा झाली.' वर वर्दीतला फोटो, खाली जोडलेले दोन हात. मी वाचलं आणि फोन पालथा ठेवला. अकरा वर्षं तुम्हाला फीट येत होत्या, जीभ चावून चावून तिची कड फाटली होती, आणि म्हणे अल्पसा आजार. आणि देवाज्ञा कसली? देवाने तुमच्याविषयी एक ओळ लिहिलेली मी कधी पाहिली नाही. लिहिली ती लष्कराच्या मेडिकल बोर्डाच्या त्या डॉक्टरने. भावजींना तसं बोलले, तर म्हणाले, "वहिनी, असंच लिहितात." असंच लिहितात म्हणून तर आपण इथवर आलो.

तुम्ही गेल्याला आज एकवीस दिवस झाले. माझं रडून झालंय असं नाही, पण रडण्यापेक्षा राग जास्त येतो, म्हणून तो आधी काढून घेते. त्या सकाळी कपाटाच्या आरशापुढे उभे राहून तुम्ही कोर्टातल्या पेशीची तयारी करत होतात. मी आत पोहे परतत होते. 'माननीय महोदय, मैं स्वयं अपना पक्ष' इथवर ऐकू आलं आणि मग कपाटाचं दार आपटलं. नेहमीची फीट असेल म्हणून मी गॅस बंद केला, येऊन तुम्हाला कुशीवर वळवलं, घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं झाली, तीन झाली. या खेपेला ती थांबलीच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. पेशीला सतरा दिवस राहिले होते हो. एवढी वर्षं काढलीत, सतरा दिवस काढायला काय झालं होतं? याबद्दल मी तुमच्यावरही चिडलेली आहे, लपवत नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. राग मधूनच सुरू केला की लोक म्हणतात, बाईचं डोकं फिरलंय.

बर्फातल्या पोस्टिंगवर गाडी घसरली आणि तुम्ही मागच्या फळीवरून डोक्यावर आपटलात. रक्त आलं नाही, म्हणून कुणी कागद केला नाही. दोन गोळ्या आणि एक दिवस आराम. आठ महिन्यांनी मेसमध्ये हातात ताट असताना पहिली फीट आली, मग दुसरी, मग तिसरी. लष्करी दवाखान्यात बोर्ड बसला. डॉक्टरसाहेब घाईत होते. फॉर्मवरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "घर में किसी को दौरे पड़ते थे?" आणि तुम्ही ताठ उभं राहून खरं ते सांगितलंत, "जी साहब, नाना को पड़ते थे."

आता नाना कोण? तुमच्या धारच्या घरासमोर एका खोलीत राहणारे, घड्याळं दुरुस्त करणारे नाना. मूळचे अमझेऱ्याचे. आडनाव वेगळं, जात वेगळी, रक्ताचा थेंब एक नाही. बायको लवकर गेली, म्हणून दोन्ही वेळा जेवायला तुमच्याकडे. सासूबाई त्यांचं ताट घरच्यांच्या ओळीत मांडायच्या. त्यांना फीट आली की तुम्ही लहानपणी धावत जाऊन कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरायचात. आपल्या पंगतीला रोज बसतो तो घरातला, एवढंच तुम्हाला घरात शिकवलेलं. डॉक्टरने 'घर में' विचारलं, तुम्ही घरातलं सांगितलंत. पण हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील. आपल्यात नाना कुणीही असतो, काका असतो, शेजारी असतो, शाळेचा शिपाई असतो. जन्मभर मराठी घरात आणि हिंदी बाजारात राहून हा फरक त्या क्षणी तुमच्या ध्यानात आला नाही. माझ्याही आला नसता.

डॉक्टरने इंग्रजीत लिहिलं, आईच्या वडिलांना अपस्मार, आजार आनुवंशिक. वाचायला न देता खाली तुमची सही घेतली. मग निकाल काय लागायचा तो लागला. आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही. अपंगत्वाची पेन्शन मिळणार नाही. घरी जा.

त्यातही एक गंमत झाली होती, आठवतं? माजी सैनिकांच्या दफ्तरात तुम्ही अर्ज घेऊन गेलात तेव्हा बाबू म्हणाला, "भिया, आपका केस तो नाना है." घरी येऊन तुम्ही मला विचारलंत, "अगं, याला आपले नाना कुठून माहीत?" चार दिवसांनी उलगडा झाला. 'नीदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रव्हेटेड', म्हणजे 'झाला नाही, वाढला नाही', या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडली की 'नाना' होतं, आणि नाकारलेल्या सगळ्यांना ते लोक नाना केसच म्हणतात. त्या दिवशी आपण दोघं पोट धरून हसलो. बोर्डाचा कागद तोवर आपण पाहिलेला नव्हता.

तो मिळाला सहा वर्षांनी, माहितीच्या अधिकारात. दोन अपिलं लष्कराच्या पेन्शन विभागाने एकेका ओळीत फेटाळली होती. आपली पल्लवी तेव्हा कॉलेजात होती, तिने ओसरीवर बसून वाचून दाखवलं. 'मॅटर्नल ग्रँडफादर', म्हणजे आईचे वडील, आलं तशा सासूबाई उठल्याच. "माझ्या बाबांना फीट? सत्तरी उलटल्यावर सरदारपूरच्या हाटातून गव्हाचं पोतं पाठीवर आणलंय त्या माणसाने. कोण मेला म्हणतो?" तुम्ही पल्लवीच्या हातातून कागद घेतलात. आणि म्हणालात, "मीच म्हणालो, आई. माझ्याच तोंडून गेलं." त्या दिवसापासून तुम्ही बोलताना प्रत्येक शब्द दोनदा तपासायला लागलात. भाजीवाल्याशीसुद्धा.

पेन्शनचं मी कधीच मनाला लावून घेतलं नव्हतं. मी शिवणाचे वर्ग घेत होते, तुम्ही धामनोदला मित्राच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसत होता, आपलं निभत होतं. माझं डोकं फिरलं ते देवासच्या स्थळापायी. माझ्या माहेरच्या ओळखीतलं, मुलगा पल्लवी कामाला आहे त्याच कारखान्यात, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, साखरपुड्याचं बोलणं चाललेलं. आणि मुलाच्या आईचा फोन आला. तुम्ही न्याय मागायला तो कागद ज्याला त्याला दाखवत फिरायचात, त्यातूनच तो देवासपर्यंत पोचला. मी नाना कोण ते सगळं समजावून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण सरकारी कागदावर लिहिलंय ना, आजार घराण्यातला आहे म्हणून." पल्लवी समोर बसून वाटाणे सोलत होती. तिला ऐकू गेलं. तिने सोलणं थांबवलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं, मला पैसा नको, मला ती ओळ खोडून हवी आहे. आणि ती ज्यांनी लिहिली त्यांच्याच हाताने.

मग आपलं भांडण झालं. सैन्याच्या न्यायाधिकरणात जायचं ठरलं तेव्हा इंदूरचे वकील म्हणाले होते, नानांचा विषयच काढू नका, हसतील. भरतीच्या वेळी तुम्ही ठणठणीत होता, एवढ्यावर केस उभी राहते. मला ते पटलं होतं, पण त्या वाटेने ओळ तशीच राहिली असती. तरीही मी म्हणत होते वकील करा, त्याच्याकडून ओळीचंही वदवून घेऊ. तुम्ही ऐकेनात. "जीभ माझी घसरली, उभा मीच राहणार." आणि मी म्हणाले, "एक शब्द धड बोलता आला नाही तुम्हाला, आणि निघाले वकिली करायला."

हे मी बोलले. तुम्ही चपला घातल्यात आणि तळ्याकडे निघून गेलात. संध्याकाळी येऊन नेहमीसारखे जेवलात, भाजीला नाव ठेवलं नाहीत, आणि तो विषय आपल्यात परत कधी निघाला नाही. माफी मागायची मागायची म्हणून मी दोन वर्षं राहिले. रोज काहीतरी आड यायचं, कधी पाणी यायची वेळ, कधी तुमचा मूड, बहुतेक वेळा माझाच तोरा. आता मागते म्हटलं तर तुम्ही ऐकायला नाही. तेव्हा ते वाक्य माझ्या गळ्यात आहे, राहू दे.

पण त्या वाक्यानंतरही तुम्ही मला सोडून तयारी केली नाहीत, याचे उपकार मी विसरणार नाही. मी पोळ्या लाटायचे आणि न्यायाधीश व्हायचे. तुम्ही फ्रिजला टेकून उभे. "जोर से बोलिए," मी म्हणायचे. "कागज दिखाइए." कायद्याचं जाड पुस्तक तुम्ही जुन्या बाजारातून आणलेलं, त्यातलं इंग्रजी पल्लवी हिंदीत करायची आणि तुम्ही वहीत उतरवायचात. हळूहळू मला सगळं पाठ झालं. कुठल्या पानावर भरतीची तपासणी, कुठल्या पानावर तुमची सही, सगळं. तुम्हाला वाटायचं मी पोळ्यांकडे बघतेय.

आणि ते शपथपत्र. त्याबद्दल मी त्या सरकारी लोकांना कधी माफ करणार नाही. नाना नात्यातले नव्हते हे सिद्ध करायचं तर लिहून द्यायला हवं होतं. तुम्ही अमझेऱ्याला जाऊन नानांच्या पुतण्याकडून त्यांचं जुनं मतदार ओळखपत्र आणलंत, मृत्यूचा दाखला आणलात. सगळं मिळालं, आणि मग एका वाक्यावर तुम्ही तीन दिवस अडून बसलात. 'नाना से हमारा कोई संबंध नहीं था.' लिहायचात आणि खोडायचात. मला म्हणालात, "त्यांनी मला घड्याळ बघायला शिकवलं गं. मुंजीत मामा नव्हता तर मामाच्या जागी ते उभे राहिले. आणि मी लिहून देऊ, आमचे कोणी नव्हते म्हणून?" मी म्हणाले, रक्ताचा संबंध नव्हता असं लिहा. नोटरी म्हणाला, चालणार नाही, स्पष्ट लिहा. शेवटी तुम्ही लिहिलंत. सही करून घरी आलात आणि त्या दिवशी नानांच्या फोटोपुढून जाताना मान खाली घातलीत. माझ्या नवऱ्याला त्यांनी त्याचा माणूस नाकारायला लावला. पेन्शन नाकारली ते परवडलं.

पहिल्या सुनावणीला मी मागच्या बाकावर होते. तुमचं नाव पुकारलं, तुम्ही पुढे गेलात आणि सवयीने सॅल्यूट ठोकलात. न्यायाधीश म्हणाले, "बैठ जाइए, आराम से." तुम्ही बसला नाहीत. "साहब, मुझे नाना का खुलासा करना है." तेव्हा विभागाचा तो वकील, जाड चष्मेवाला, शेजारच्याकडे वाकून म्हणाला, "लो, फिर नाना आ गए." आणि दोघं हसले. न्यायाधीशांपर्यंत ते गेलं नाही. तुमच्यापर्यंत गेलं. तुमचं पुढचं वाक्य अडखळलं, कागदांचा क्रम चुकला, आणि तेवढ्यात पुढची पेशी लागली. गाडीत तुम्ही म्हणालात, "हसला तर हसला, त्याचं कामच आहे ते." तुम्ही सोडून दिलंत. मी नाही सोडलं. त्या हसण्याचा चेहरा मी पदराला गाठ मारून घरी आणला होता.

दहाव्याचं सांगते. तळ्यावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, खाली येईनात. भावजी पुढे होऊन म्हणाले, "दादा, पल्लवीचं लग्न मी करून देईन." नाही आला. तुमचे चुलतभाऊ म्हणाले, "वहिनीला अंतर देणार नाही." नाही आला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, की आता तू काहीतरी कबूल कर, जीव तुझ्यात अडकलाय. मी हात जोडले आणि मनात म्हणाले, शिवू नका. ओळ खोडली जात नाही तोवर अजिबात शिवू नका. तास गेला, ऊन चढलं, गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला. बायका हळहळल्या. मला मात्र बरं वाटलं. उभ्या संसारात पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकलंत.

सतराव्या दिवशी पेशी. भावजी म्हणाले, सव्वा महिना तरी घराबाहेर पडू नका, लोक नावं ठेवतील. मी म्हटलं, ठेवू देत. पल्लवीसुद्धा म्हणाली, "आई, मला त्या ओळीचं आता काही नाही गं. जे काय देतील ते घे आणि मोकळी हो." मी तिलाही गप्प केलं आणि सोबत घेऊन गेले.

तुमचं नाव पुकारलं. "प्रार्थी स्वयं उपस्थित?" मी उठले आणि तुमचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर मोठ्याने पहिल्यांदाच. म्हटलं, ते वारले, मी त्यांची पत्नी, वारसाचा अर्ज आणि मृत्यूचा दाखला सोबत आहे. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकील रखना चाहेंगी? समय दे देते हैं."

"नहीं साहब. मुझे सब पाठ है."

तोच चष्मेवाला उभा राहिला. आवाज अगदी मऊ. परिस्थिती पाहता विभाग सहानुभूतीने पेन्शनचा विचार करायला तयार आहे, फक्त माताजींनी बाकीच्या हरकती मागे घ्याव्यात. म्हणजे पैसे घ्या आणि ओळ राहू द्या. तुम्ही जिवंत असताना यांची सहानुभूती कुठे गेली होती, कुणास ठाऊक. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पल्लवीने मागून माझा पदर ओढला आणि हळूच म्हणाली, "आई, घेऊ नकोस."

मग मी थांबलेच नाही. मतदार ओळखपत्र दिलं, नानांचा दाखला दिला, सासूबाईंच्या वडिलांचं नाव दाखवलं, दोन वेगळी माणसं, दोन वेगळी गावं. भरतीच्या तपासणीचं पान दाखवलं. आणि म्हटलं, "साहब, हम मराठी लोगों में नाना कोई भी हो सकता है. वकील साहब के बच्चे पड़ोसी को क्या कहते होंगे? अंकल. अब पड़ोस के अंकल को शुगर हो, तो क्या बच्चों के कागज में लिख देंगे कि चाचा को शुगर थी, बीमारी खानदानी है?"

मागच्या बाकांवर लोक हसले. न्यायाधीशांनी हसू दाबलं, मी पाहिलं. चष्मेवाल्याचे कान लाल झाले, तो फाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला आणि त्याच्या हातून दोन कागद खाली पडले. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, तुम्ही गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तुम्ही म्हणाला असतात, जाऊ दे गं, त्याचंही पोट आहे. म्हणूनच तुमच्या हातून ते झालं नाही.

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. बोर्डाचे मूळ कागद हजर करा. ज्या डॉक्टरांनी नोंद केली ते निवृत्त असले तरी त्यांना बोलवा, नोंद कशावरून केली ते त्यांनी स्वतः येऊन सांगावं. सहानुभूतीच्या प्रस्तावाचं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, सहानुभूती नको, ओळ खोडा. पल्लवीने माझा पदर अजून सोडलेला नव्हता.

बाहेर व्हरांड्यात तो वकील मागून आला. आता काळा कोट काढून हातावर घेतलेला, साधा माणूस दिसत होता. हात जोडून म्हणाला, "माताजी, बुरा मत मानिएगा. भगवान उनकी आत्मा को शांति दे."

मी म्हटलं, "अभी मत दिलवाइए. उन्हें पेशी पे आना है."

पेशी पुढच्या महिन्यात आहे. सकाळी अकराला पुकारतात. तो डॉक्टर येणार आहे, त्याला प्रश्न मी विचारणार आहे, आणि तुम्ही फक्त समोर उभं राहून त्याच्याकडे बघायचं आहे. जेवून या.